एक सेकंद त्यांचा, एक सेकंद यांचा

1989 साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने एक सात इंची तबकडी काढली. एका बाजूला नेपाम डेथ या बँडचं ‘यू सफर’, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रो हिप्पीज या बँडचं ‘मेगा-आर्मागेडन डेथ, भाग 3’. पहिलं गाणं सव्वा सेकंदाच्या किंचित वर, दुसरंही जवळपास तेवढंच. ‘ग्राइंडक्रशर’ नावाच्या संकलनासोबत ही तबकडी फुकट वाटली गेली. ‘यू सफर’ची नोंद पुढे गिनीजच्या पुस्तकात जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून झाली. दोन बँडांनी एक तबकडी वाटून घ्यायची, या प्रकाराला स्प्लिट म्हणतात. तो ज्या संगीतात सर्वांत जास्त रुजला त्याचं नाव ग्राइंडकोअर: सुसाट ड्रम, खरखरीत जाड गिटार, घशाच्या तळातून येणारा आवाज आणि बहुतेक वेळा मिनिटभरात संपणारी गाणी.

या तबकडीवरून माझा भाऊ आणि माझी मुलगी यांच्यात एका गुरुवारी जे बोलणं झालं, ते इथे मांडते आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, त्यामुळे आमच्याकडे येणंजाणं, लग्नाची बोलणी, भांडणं, सगळं गुरुवारी होतं. आम्ही भावंडं मूळची कणकवलीकडची. भाऊ भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला हेल्पर म्हणून लागला आणि सेटर म्हणून निवृत्त झाला. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. मुलगी चाकणला दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ग्राइंडकोअर ती कॉलेजपासून ऐकते. मी कोणाच्या बाजूची, ते आधीच सांगते: कानांच्या बाबतीत भावाच्या, तबकडीच्या बाबतीत मुलीच्या.

मामा : हा आवाज मला नवीन नाही गो बाय. तीस वर्षं हाच ऐकला. मला तो ऐकायचा पगार मिळायचा, तू पदरचे पैसे घालून ऐकतेस. पाळी सुटली की आम्ही पेटी-पखवाज काढून बसायचो, ते डोक्यातला शॉप बाहेर काढायला. तू सुट्टीच्या दिवशी पुन्हा शॉपमध्ये जाऊन बसतेस.

भाची : शॉपमधला आवाज तुला बंद करता येत होता?

मामा : नाही.

भाची : मला हा करता येतो. आणि तेवढंच नाही, मामा. प्रेसचा आवाज कुणासाठीच नसतो. पाहिजे असतो तो जॉब. आवाज स्क्रॅपसारखा बाजूला पडतो आणि तुमच्या कानात जातो. या पोरांनी ते स्क्रॅप उचललं.

मामा : आवाज का होतो ते तरी ठाऊक आहे त्यांना? पंच पत्र्यात शिरतो तेव्हा आवाज नसतो. पत्रा दम धरतो, प्रेसची फ्रेम ताणली जाते, आणि पत्रा तुटला की तो सगळा ताण एका झटक्यात सुटतो. तो धडाका त्या सुटण्याचा असतो. जाड पत्रा असेल तर पायाखालची जमीन हलते. मिनिटाला पन्नास-साठ स्ट्रोक. तुझं ते गाणं माझ्या एका स्ट्रोकात संपलं.

भाची : म्हणूनच मला ते आवडतं. एका स्ट्रोकचं गाणं आहे ते.

इथे मला मध्ये बोलणं भाग आहे. कारखान्यांतल्या आवाजाला आपल्याकडे कायद्याची मर्यादा आहे: 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन, 105 ला एकच तास, 115 ला पाव तास आणि त्यापुढे एक क्षणही नाही. ही उतरंड भिंतीवर लावलेली असते. ती वाचून मशीनपासून उठलेला कामगार मी पाहिलेला नाही. भावाच्या उजव्या कानात रात्री शिट्टी वाजत राहते. ती गेली कित्येक वर्षं थांबलेली नाही आणि तिच्यावर औषध नाही. म्हणून आवाज ‘निवडण्याची’ भाषा मला अपुरी वाटते. कोणता आवाज कोणी निवडला, याचा हिशेब कान ठेवत नाही.

भाची : ते मला मान्य आहे. कार्यक्रमाला जाते तेव्हा मी इयर प्लग लावते. या संगीतातल्या कितीतरी वादकांच्या कानांतही तीच शिट्टी आहे.

मामा : कानात बोळे घालून ऐकायचं, मग ऐकायचं कशाला?

भाची : वेल्डर काळ्या काचेतून बघतो म्हणून त्याला ज्योत दिसत नाही का? काच आहे म्हणून तर नीट दिसते.

भाऊ यावर गप्प राहिला. त्याला पटलं नव्हतं. पण वेल्डिंगवाल्यांबद्दल त्याच्या मनात मान आहे. मग मुलीने त्याला मेरिडनची गोष्ट सांगितली. मला या सगळ्या बोलण्यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर देते.

भाची : नेपाम डेथ हा बँड 1981 मध्ये मेरिडन नावाच्या खेड्यात सुरू झाला. बर्मिंगहॅम आणि कोव्हेंट्री यांच्या मध्ये आहे ते. निक बुलन आणि माइल्स रॅटलेज, दोघं शाळकरी पोरं. त्या खेड्यात दुसरं काय होतं माहीत आहे? ट्रायम्फचा कारखाना.

मामा : मोटरसायकलची ट्रायम्फ?

भाची : तीच. आधी कोव्हेंट्रीत होती. नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना जळाला, तेव्हा मेरिडनच्या शेतात नवा बांधला, 1942 ला सुरू झाला. 1973 मध्ये मालकाने तो बंद करायचं जाहीर केलं. कामगारांनी फाटक अडवलं आणि वर्षाच्या वर अडवून धरलं. सरकार बदललं, उद्योगमंत्री टोनी बेन यांनी कर्ज मिळवून दिलं, आणि 1975 मध्ये कामगारांची सहकारी संस्थाच कारखाना चालवू लागली. सुरुवातीला झाडूवाल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना सारखा पगार.

मामा : सारखा?

भाची : सारखा. आठ वर्षं चालला. 1983 मध्ये बंद पडला. ट्रायम्फचं नाव जॉन ब्लूर नावाच्या बिल्डरने घेतलं, पुढे हिंक्लीला नवा कारखाना काढला. आणि 2023 पासून ट्रायम्फची स्पीड 400 कुठे बनते?

मामा : आपल्या चाकणला. बजाजकडे.

भाची : आम्ही त्याच पट्ट्यात पार्ट तपासतो. म्हणजे ज्या खेड्यात हे गाणं जन्मलं, त्या खेड्यातलं काम फिरत फिरत आपल्या दारात आलंय. काम आलं, तर त्याच्याबरोबरचं गाणं मी ऐकलं तर बिघडलं कुठे?

नेपाम डेथचा आणि ट्रायम्फच्या कारखान्याचा थेट धागा मी जोडत नाही. ही पोरं अराजकवादी पंक ऐकून घडली, बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातल्या ‘मर्मेड’ नावाच्या पबमध्ये वाजवू लागली. पण कारखाना मरत असलेल्या गावात तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या कानावर घरीदारी काय पडत असेल, ते पिंपरी-चिंचवडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट मुलीने सांगितली नाही, ती मी सांगते. मेरिडन ज्या सोलिहल भागात मोडतं, तिथेच लँड रोव्हरचा मोठा कारखाना आहे, आणि 2008 पासून त्याची मालकी टाटांकडे आहे. पिंपरीच्या फाटकावर जे नाव आहे, तेच नाव तिथल्या मालकाचं.

मामा : फाटक अडवलं, सारखा पगार घेतला, इतकं सगळं झालं तिथे. मग त्यावर गाणं का नाही केलं? नुसती आरोळी का?

भाची : केली की गाणी. ‘स्कम’ नावाची त्यांची पहिली मोठी तबकडी 1987 ची. तिचं पहिलंच गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे. आणि ही तबकडी आधी स्प्लिट होणार होती. पहिली बाजू ऑगस्ट 1986 मध्ये बर्मिंगहॅमला रेकॉर्ड केली, ती अ‍ॅटाविस्टिक नावाच्या दुसऱ्या बँडसोबत अर्धी-अर्धी काढायची म्हणून. तो बेत फिसकटला, टेप पडून राहिली. दरम्यान बँड मोडला. गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक गेला, बुलनही गेला. मे 1987 मध्ये दुसरी बाजू रेकॉर्ड झाली, तेव्हा गाणारा नवा, गिटारवाला नवा, बेसवालाही नवा.

मामा : म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळी मंडळं. मग एक नाव कशाला?

भाची : दोन्हीकडे एक माणूस तोच राहिला. ड्रमवाला, मिक हॅरिस. या संगीताला ग्राइंडकोअर हे नाव त्यानेच दिलं असं म्हणतात.

इथे भावाने फोन हातात घेतला आणि ‘स्कम’ची पहिली बाजू आणि दुसरी बाजू, दोन्हींतलं एक-एक गाणं लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. गिटार त्याला कळत नाही, गाणाऱ्याचा आवाज त्याला सहन होत नाही, पण हात त्याला कळतो.

मामा : पोरगा मनगटातून मारतोय. खांद्यातून मारला असता तर एवढा वेळ टिकला नसता. पण उजवा-डावा सारखा पडत नाही. दुसऱ्या बाजूला सुधारलाय.

भाची : नऊ महिने झाले होते मध्ये.

मामा : दिसतंय. रियाज केलाय. हे मी मानतो. बाकीचं नाही मानत.

पुढे ब्रॉडरिकने गॉडफ्लेश नावाचा बँड काढला आणि त्यात सुरुवातीला ड्रमवाला ठेवलाच नाही, ड्रम मशीन लावलं. मुलीला ते फार आवडतं. भावाला तिने ते ऐकवलं नाही, हे बरं केलं. माणसाच्या जागी मशीन आलेलं त्याने शॉपमध्ये पुरेसं पाहिलं आहे.

वाद वळला तो तबकडी कशी बनते यावर. दोन बँड एका तबकडीवर का येतात, याची भावाला समजूत पटत नव्हती. कोकणातल्या डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात ते स्पर्धेसाठी. इथे स्पर्धा नाही, नातं नाही, एक बँड बेल्जियमचा तर दुसरा जपानचा. मग एकत्र कशाला?

भाची : खर्च. आधी लॅकरचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात. त्यावर निकेल चढवतात. तो निकेलचा उलटा साचा म्हणजे स्टँपर. प्रेसमध्ये वर एक स्टँपर, खाली एक. मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा, त्याच्या वर-खाली कागदी लेबलं. शंभर टनांच्या आसपास दाब. वाफेने तापवायचं, लगेच पाण्याने थंड करायचं, कडेला आलेला माल कापायचा. अर्ध्या मिनिटात तबकडी बाहेर.

मामा : हे प्रेसचं काम नव्हे, कॉम्प्रेशन मोल्डिंग आहे. कडेचं ते फ्लॅश. आणि वरची लेबलं गोंदाने नाही चिकटवत?

भाची : नाही. दाबातच बसतात.

मामा : बरोबर. गरम असतानाच बसणार. डाय किती हजार जॉब देते?

भाची : स्टँपर हजारभर देतो, मग झिजतो. पण बघ, तीनशे तबकड्या काढा नाहीतर हजार काढा, कोरण्याचा आणि साच्याचा खर्च तेवढाच. एकट्या बँडला तो परवडत नाही. दोघांनी मिळून केला की अर्धा-अर्धा होतो. आणि दोघांचे ऐकणारे मिळून विकली जाते. ते अ‍ॅगॅथोक्लीस आहेत ना, बेल्जियमचे, 1985 पासून वाजवतात. त्यांनी शंभराहून किती तरी जास्त बँडांबरोबर अशा तबकड्या केल्या. ज्याला कोणी ओळखत नाही अशा पोरांना त्यांनी आपली दुसरी बाजू दिली.

मामा : टूलिंगचा खर्च वाटून घ्यायचा. हे मला समजतं. भोसरीत दोन लहान वर्कशॉपवाले एक मशीन घेतात, एक दिवसा चालवतो, एक रात्री. पण त्या दोघांची भांडणंही बघितली आहेत मी. तेल कोणी घालायचं, बेल्ट तुटला तर कोणी आणायचा.

भाची : इथे तेल घालायला काही नाही. वर-खाली दोन साचे, दाब एकच. एका दाबात दोघांची गाणी उमटतात. कोण आधी, कोण नंतर, असं नाही.

हे वाक्य ऐकून मी लिहायला घेतलं, हे सांगायला हवं. आपल्याकडे कलाकारांची एकजूट हा भाषणाचा विषय असतो. इथे तिला टन आहेत, तापमान आहे, खर्चाची वाटणी आहे. गरिबांनी एकमेकांना दिलेली ही जागा आहे आणि ती देताना कोणी कोणावर उपकार करत नाही. मुंबईचा भयानक मौत हा बँड 2003 चा, गटस्लिट 2007 चा, बंगळुरूला ग्रॉस्टीसारखा निव्वळ ग्राइंडकोअर वाजवणारा बँड झाला. आपल्या देशात हे ऐकणारे इतके विखुरलेले की एका शहराच्या जोरावर कोणीच उभं राहू शकत नाही. तिथे अर्धी तबकडी ही चैन नसते, गरज असते.

भाऊ मात्र डबलबारीवरून हटायला तयार नव्हता, आणि त्याचा मुद्दा हलका नाही.

मामा : डबलबारीत पहिला बुवा बारी संपवताना प्रश्न टाकून उठतो. पुराणातला असेल, अभंगातला असेल. दुसऱ्या बुवाला आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर सगळा मंडप बघतो. म्हणून रात्रभर माणसं हलत नाहीत. परशुराम पांचाळ बुवा, काशीराम परब बुवा, चंद्रकांत कदम बुवा, यांच्या बाऱ्यांच्या कॅसेटी आम्ही झिजवल्या त्या यासाठी. तुझ्या तबकडीत एक बाजू दुसऱ्या बाजूला ओळखतच नाही. दोन शेजारी, भिंत एक, पण बोलणं नाही.

भाची : पण मामा, बुवाचे चाहते असतातच ना दोन बाजूंचे? कदम बुवांचा माणूस परब बुवांच्या बारीला उठून जातो का?

मामा : जाईल कसा? उत्तर ऐकायचं असतं.

भाची : आणि ते ऐकता ऐकता त्याला समोरचा बुवाही आवडून जातो. मंडप एक आहे म्हणून. मलाही असेच बँड सापडले. एकासाठी तबकडी लावली, मग उलटली.

मामा : उलटायची आठवण राहिली पाहिजे. आम्हाला उलटावी लागत नाही.

मुलगी यावर काही बोलली नाही, आणि माझ्या मते इथे भाऊ पुढे होता. स्प्लिटमधल्या दोन बाजू एकमेकींना जागा देतात, जबाब देत नाहीत. कोकणात शक्ती-तुऱ्याला बसलेला शाहीर आणि देशावर कलगी-तुऱ्याला उभा राहिलेला शाहीर, दोघांनाही समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ते बंधन आपल्या परंपरेने कमावलेलं आहे. ग्राइंडकोअरमध्ये तसलं बंधन नाही. तिथे एकमेकांच्या शेजारी असणं एवढंच पुरेसं मानलं जातं.

नंतर बोटांचा विषय निघाला. तो मुलीने काढला, आणि काढताना तिला मामाच्या शॉपची आठवण नव्हती.

भाची : या सगळ्या जड संगीताची सुरुवात जिथून सांगतात तो ब्लॅक सॅबथ बँडही बर्मिंगहॅमचाच. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा. कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

मामा : कुठलं मशीन?

भाची : त्याला सवय नसलेलं. त्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या जागी बसवलं होतं.

मामा : असंच होतं. दुसऱ्याच्या जागी बसवलेल्याचंच जातं.

मग त्याने त्याच्या शॉपमधल्या एका हेल्पर पोराचं सांगितलं. लातूरकडचा, नुकता लागलेला. पेडल एकदा दाबलं आणि प्रेसने दोनदा मारलं. पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब काढायला गेलेला हात दुसऱ्या स्ट्रोकला आत होता. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालू नये, ती सोय उत्पादन कमी होतं म्हणून काढून ठेवलेली होती. पोराला रिक्षात घालून मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात नेलं ते माझ्या भावानेच. वाहनउद्योगातल्या अशा जखमांची मोजदाद ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालांत करते आहे. हरियाणातल्या कारखान्यांपासून सुरू झालेलं ते काम पुढे महाराष्ट्रापर्यंत आलं. दर वर्षी सर्वांत वर असतो तो पॉवर प्रेसच.

मामा : त्याने पुढे काय केलं? तुझ्या गिटारवाल्याने?

भाची : फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. त्याचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी वाजवायचा. मग आयोमीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. तारा जाड वाटायच्या म्हणून हलक्या लावल्या, पुढे त्या सैल केल्या. सैल तारेचा सूर खाली जातो. या संगीताचा जडपणा बराचसा तिथून आला.

मामा : आमच्या पोराला कोणी तबकडी ऐकवली नाही. गावाला गेला तो.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भावानेच 1989 ची आठवण काढली, कारण त्याच्या डोक्यात त्या तबकडीचं साल होतं. त्या सप्टेंबरमध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचे टेल्कोचे, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सचे, कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते, हजारोंच्या संख्येने. भाऊ तेव्हा नवा हेल्पर होता, सुट्टीच्या दिवशी बघायला गेला होता. महिना संपता संपता पोलिसांनी रात्रीतून सगळ्यांना उचललं आणि संप मोडला. तिकडे सेकंदभराचं गाणं तबकडीवर आलं, इकडे हे घडलं, वर्ष तेच. याचा काही अर्थ लावायची मला गरज वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या गावांत घडल्या, इतकं मला दिसतं.

भाची : आणखी एक गाव आहे. अमेरिकेतलं फ्लिंट. जनरल मोटर्स तिथेच 1908 मध्ये निघाली. 1936 च्या अखेरीस कामगार कारखान्याच्या आतच बसले, 44 दिवस, आणि कंपनीला युनियन मान्य करावी लागली. ऐंशीच्या दशकात त्याच कंपनीने तिथली माणसं कमी करायला घेतली. तेव्हा त्या फ्लिंटमधल्या रिपल्जन नावाच्या बँडने 1986 मध्ये ‘हॉरिफाइड’ रेकॉर्ड केलं. कोणी छापेना. टेपवरून टेप होत ते इंग्लंडला पोहोचलं, नेपाम डेथच्या पोरांनी ऐकलं. तबकडी निघाली ती 1989 मध्ये.

मामा : जनरल मोटर्स म्हणजे तळेगावची?

भाची : तीच. 2008 ला तळेगावात आली. डिसेंबर 2020 मध्ये शेवटची गाडी काढली. हजारावर कामगार रस्त्यावर आले आणि किती वर्षं कोर्टात आणि फाटकावर भांडत राहिले. जागा आता ह्युंदाईकडे आहे.

मामा : आपल्या वाडीतला एक होता त्यात. मग बाय, आता माझं ऐक. फ्लिंटच्या पोरांचं ते गाणं त्या माणसाला ऐकवलं तर त्याला काय कळेल? शब्द एक ऐकू येत नाही. शनिवारवाड्यासमोरची घोषणा रस्त्यापलीकडे कळत होती. शाहीर अमर शेख गायचे तर मैदानाच्या टोकाला बसलेल्याला शब्द कळायचा. ज्याचं दुःख आहे त्यालाच कळत नसेल तर ते गाणं कुणासाठी?

भाची : तबकडीबरोबर शब्दांचा कागद असतो. आणि दुखलं म्हणून ओरडणाऱ्या माणसाला आपण आधी शब्द विचारतो का?

मामा : विचारतो. प्रेसवर कोणी ओरडला तर पहिला प्रश्न तोच असतो. कुठला हात?

मुलीकडे उत्तर नव्हतं. तिने फोन बाजूला ठेवला. माझं मत विचाराल तर मला दोघांचंही अर्धं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं. ओरडणं आधी येतं, हे मुलीचं खरं आहे. ओरडल्याशिवाय कोणी वळून बघत नाही, आणि तळेगावसाठी पुण्या-मुंबईतलं फारसं कोणी वळलं नाही. पण वळलेल्या माणसाला हात दाखवावा लागतो, हे भावाचं त्याहून खरं आहे. ‘यू सफर’सारख्या चार शब्दांच्या गाण्यात प्रश्न मावतो. कंपनीचं नाव, तारीख, थकलेली रक्कम, हे मावत नाही, आणि कामगाराला न्याय मागायचा असतो तो याच तपशिलावर.

भाची : मग असं करू. तळेगावचं गाणं मराठीत. शब्द ऐकू येतील असे. पण वेग मी कमी करणार नाही.

मामा : वेगाला माझी हरकत नाही. वेगात शब्द सोडायचे तर जीभ तयार पाहिजे, भजनातला झपाट्याचा गजर ऐक. आणि दुसऱ्या बाजूला कोण?

भाची : तू म्हणालास ना, उत्तर पाहिजे म्हणून.

मामा : उत्तर कोण देणार? कंपनी?

भाची : फ्लिंट. तिथला कुणीतरी. त्याच कंपनीने त्यांचीही माणसं घरी बसवली, आमच्या तीस-चाळीस वर्षं आधी. आम्ही विचारायचं, तुमचं पुढे काय झालं. त्यांनी सांगायचं.

मामा : मग कागद दोन्ही भाषांत छापा. आणि आधी गाणं त्यांना पाठवा, त्यांनी ऐकून मग उत्तर करायचं. एकाच वेळी दोघांनी गायचं नाही. साचा एका दाबात उमटू दे, त्याला माझी ना नाही, पण बारी आधी आपली आणि मग त्यांची.